हमीदचा चिमटा आणि बुआचं कफन

मागच्या वर्षी पालकसभेला नववीतल्या एका मुलीची दादी आली होती. हजेरी, गणिताचे गुण वगैरे विचारून झालं. मग तिने बुरख्याआडच्या पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि आमच्या टेबलावर ठेवलं. पुस्तक शाळेच्या कपाटातलंच होतं, प्रेमचंदांच्या कथांचं. आम्हीच त्या मुलीला दिलेलं. दादी रागावलेली नव्हती. शांतपणे म्हणाली, "टीचर, ये झूटे किस्से पढको बच्ची का क्या भला होताय?"

त्या वेळी आम्हाला काही सुचलं नाही. "बघतो, दादीमाँ" असं पुटपुटून आम्ही पुस्तक ठेवून घेतलं. ती गेल्यावर मात्र प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो एकट्या दादीचा नव्हता. आमच्या दुधनीत काय किंवा अक्कलकोट, सोलापूर, लातूर, कोकणात काय, आपल्या बहुतेक घरांत पुस्तकांचे दोनच खण असतात. एका खणात दीनी किताबं, दुसऱ्यात शाळेची पुस्तकं आणि गाइडं. कथा-कादंबरीला तिसरा खण नसतो. कुणी मूल गोष्टीचं पुस्तक घेऊन बसलं की "अभ्यास कर" किंवा "तिलावत कर" असं सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच घरात रात्री बारापर्यंत मोबाइलवर मालिका चालू असते आणि तिच्यातले किस्से खरे की खोटे, हे कुणी विचारत नाही.

दादीच्या प्रश्नातला 'झूटे' हा शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटतो. खोटं सांगणं आपल्याकडे गुनाह आहे, मग न घडलेली गोष्ट घडल्यासारखी लिहिणं हे काय आहे? दीनी इल्मच्या बारकाव्यात शिरण्याची आमची पात्रता नाही. मात्र एवढं प्रत्येक घराला ठाऊक आहे की कुरआन शरीफमध्ये यूसुफ अलैहिस्सलाम यांची हकीकत एकाच सूरहमध्ये सलग आली आहे. भावांचा मत्सर, विहीर, बापाचे डोळे, तुरुंग आणि शेवटची माफी. ती हकीकत सत्य आहे, माणसाच्या कल्पनेतल्या कथेशी तिची बरोबरी नाही, हे आम्ही जाणतो. आम्हाला म्हणायचंय ते इतकंच, की माणसाच्या मनापर्यंत पोहोचायला नुसता हुकूम पुरत नाही, हकीकतही लागते.

दुसरी गोष्ट फार थोड्या घरांना ठाऊक आहे. उर्दूतली पहिली कादंबरी एका मौलवींनी लिहिली, आणि तीही स्वतःच्या मुलींसाठी. डिप्टी नझीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' १८६९ साली आली. अकबरी आणि असगरी या दोन बहिणी, एक हट्टी आणि फूहड, दुसरी समजूतदार, आणि त्यांच्या संसाराची हकीकत. मुलींना वाचायला धड पुस्तक नाही, ही त्या बापाची अडचण होती. सरकारने त्या पुस्तकाला एक हजार रुपयांचं बक्षीस दिलं. याच नझीर अहमदांनी पुढे कुरआनचा उर्दू तर्जुमा केला. म्हणजे एकाच लेखणीतून दोन्ही कामं झाली. गंमत अशी, की त्यांच्याच 'तौबतुन्नसूह' या कादंबरीत दीनकडे वळलेला बाप आपल्या मुलाची शेरोशायरीची आणि किस्स्यांची पुस्तकं जाळतो. कादंबरीतच पुस्तकं जळतात! तो प्रसंग वाचून बापाची बाजू घ्यावी की मुलाची, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

मराठीतही सुरुवात फारशी वेगळी नाही. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ सालची, विधवांच्या दुःखाविषयीची. दोन्ही भाषांमधल्या पहिल्या कादंबऱ्या घरातल्या बाईकडे पाहत सुरू झाल्या.

आता प्रेमचंद. ते स्वतः शाळामास्तर होते, पुढे शाळा तपासणारे अधिकारी झाले. नाव धनपतराय. उर्दूत 'नवाबराय' नावाने लिहीत. 'सोझ-ए-वतन' हा त्यांचा कथासंग्रह १९०८ मध्ये निघाला आणि इंग्रज सरकारने तो जप्त केला. त्यानंतर त्यांनी 'प्रेमचंद' हे नाव घेतलं. हे सगळं आम्ही परीक्षेपुरतं शिकवतो. पण रमजानचा शेवटचा आठवडा आला की परीक्षा बाजूला ठेवून आम्ही वर्गात 'ईदगाह' वाचतो. उर्दूच्या तासाला उर्दूत, आणि मराठीच्या तासाला तीच गोष्ट मराठीत सांगतो.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. चार-पाच वर्षांचा हमीद, आईबाप नाहीत, दादी अमीना त्याला सांभाळते. ईदच्या दिवशी त्याच्या खिशात तीन पैसे. सोबतची पोरं मातीची खेळणी आणि मिठाई घेतात. हमीद तीन पैशांचा लोखंडी चिमटा घेतो, कारण रोट्या भाजताना दादीची बोटं भाजतात. घरी आल्यावर दादी आधी चिडते, मग रडते.

अनेक वर्षं आम्ही ही गोष्ट 'हमीद किती गुणी' अशी शिकवली. धड्याखालचे प्रश्नही तसेच असतात: हमीदच्या स्वभावाचे गुण सांगा. मग एका वर्षी एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील बाजार समितीत हमाली करतात, तुरीची पोती उचलतात. त्याने विचारलं, "मोहसिनकडं पंधरा पैसे होते, महमूदकडं बारा. हमीदला कुणीच ईदी का नाही दिली?"

वर्ग गप्प झाला आणि आम्हीही. गोष्ट शंभर वेळा वाचूनही हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. पोरं हमीदला आपली खेळणी दाखवतात, मिठाईसाठी हात पुढे करायला लावून चिडवतात, ईदगाहमध्ये सगळे एका रांगेत सजदा करतात. आणि त्या सगळ्या गावात, एवढ्या नमाजींमध्ये, एका यतीम पोराच्या तळहातावर चौथा पैसा ठेवणारा कुणी नाही. प्रेमचंदांनी हे कुठेही बोट दाखवून सांगितलेलं नाही. त्यांनी फक्त पैसे मोजून दिले: याचे बारा, त्याचे पंधरा, हमीदचे तीन. उरलेला हिशेब त्या हमालाच्या पोराने केला. फित्रा, झकात, यतीमांचा हक यांवर आम्ही वर्गात अनेकदा बोललो आहोत. तो हिशेब आमच्या बोलण्यातून कुणाच्या मनात उतरला नव्हता, गोष्टीतून उतरला.

दुसऱ्या एका मुलीचं म्हणणं वेगळं होतं. हमीदलाही खेळणं हवंच होतं, तो नको म्हणतो ते खोटं आहे, असं ती म्हणाली. गोष्ट पुन्हा वाचली तर ती बरोबर निघते. खेळण्यांकडे तो टक लावून बघतो, एकदा तरी हातात मिळावं असं त्याला वाटतं. त्याला मोह नाही असं नाही. तो मोह गिळतो, पाच वर्षांचा असताना. आणि हेच फार वाईट वाटण्यासारखं आहे.

आमच्या वालिदांच्या पिढीला प्रेमचंदांपेक्षा इब्ने सफी जास्त प्रिय होते, हे कबूल केलं पाहिजे. स्टेशनावरून आणलेली, मुखपृष्ठ फाटलेली पुस्तकं एका घरातून दुसऱ्या घरात फिरायची. १९५२ साली 'जासूसी दुनिया' सुरू झाली, १९५५ मध्ये इमरानची मालिका. अश्लील लिहिल्याशिवाय उर्दूत पुस्तक खपत नाही, असं एका बैठकीत कुणी म्हणालं आणि इब्ने सफींनी ते खोटं करून दाखवायचं ठरवलं, अशी ती सुरुवात. आणि खरोखरच बाप, मुलगा आणि सून एकच पुस्तक वाचू शकतील असं त्यांनी लिहिलं. अनेकांचं उर्दू त्या पुस्तकांनी टिकवलं. त्यात खोल काही आहे का? थोडं आहे, फार नाही. पण वाचायची चटक लावणाऱ्या लेखकाचे उपकार मोठे असतात.

दुधनी हे हद्दीवरचं गाव. इथून पुढे गाडी कर्नाटकात शिरते. घरात दख्खनी, बाजारात कन्नड आणि मराठी, शाळेत मराठी किंवा उर्दू, सरकारी कागद मराठीत. अशा गावातल्या मुस्लिम मुलाला एक अडचण नेहमी येते. मराठी पुस्तकात त्याला आपल्या घरातलं माणूस भेटत नाही. भेटलं तर इतिहासाच्या पानावर, हातात तलवार घेऊन. म्हणून व्यंकटेश माडगूळकर आम्हाला फार जवळचे वाटतात. त्यांची 'माणदेशी माणसं' १९४९ मध्ये आली. तिची अनुक्रमणिका उघडून आम्ही मुलांना दोन नावं दाखवतो: 'मुलाण्याचा बकस' आणि 'तांबोळ्याची खाला'. रामोशी, माळी, ब्राह्मण अशा गावच्या सगळ्या माणसांच्या ओळीत ही दोघं बसलेली आहेत. ती मुसलमान आहेत म्हणून लेखकाने त्यांना वर चढवलेलं नाही, खालीही ढकललेलं नाही. माणदेश आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला. तिथली खाला इथेही आहे. 'खाला' हा शब्द मराठी पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत छापलेला पाहून एका मुलीने त्यावरून बोट फिरवलं, ते आमच्या लक्षात राहिलं आहे.

माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर रुजू होतो. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागे गेलेली. म्हातारा कारभारी, चोरी करणारा आनंदा रामोशी, मास्तरला सोबत करणारा आयबू. हळूहळू शाळा भरते, तालीम उभी राहते आणि मग दुष्काळ पडतो. माणसं जित्राबं घेऊन जगायला निघून जातात, वाडी ओस पडते. आम्ही पहिल्यांदा ही कादंबरी बीएड करताना वाचली तेव्हा ती जुन्या काळची वाटली होती. नोकरी लागल्यावर कळलं की ती चालू काळाचीच आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांची पोरं पटावर असतात, बाकावर नसतात. हजेरी घेताना नाव उच्चारायचं आणि थोडं थांबायचं. नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक शिक्षकाला आम्ही 'बनगरवाडी' वाचायला देतो. काही जण परत करत नाहीत, तेही चालतं.

दोन भाषांच्या मधोमध उभं राहणं ओझं आहे असं आपल्याकडे समजतात. मरहूम सलाम बिन रज्जाक यांनी त्याचं काम करून दाखवलं. जन्म १९४१, पनवेलचा. आयुष्यभर मुंबई महापालिकेच्या शाळेत शिक्षक. लिहिलं उर्दूत, पण मराठी इतकी आपली की मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' त्यांनी उर्दूत नेली. 'शिकस्ता बुतों के दरमियान' या संग्रहाला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मे २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची 'अंजाम-कार' ही कथा दहावीनंतरच्या प्रत्येक मुलाने वाचावी. झोपडपट्टीत संसार मांडलेला एक साधा पांढरपेशा माणूस, त्याच्या दारासमोर गावठी दारूचा धंदा. तो हिंमत करून पोलिसांकडे जातो. पुढचं इथे सांगत नाही. शरीफ माणसाची शराफत कशी थोडी थोडी झिजत जाते, ते त्या कथेत दिसतं. दारूबंदीच्या भाषणात ते दिसत नाही.

हमीद दलवाईंचं नाव घेतलं की काही वाचक पान उलटतील, याची आम्हाला कल्पना आहे. त्यांच्या मतांविषयी आपल्या घरांत तीव्र नाराजी आहे, आमचेही मतभेद आहेत. पण 'इंधन' ही त्यांची १९६५ची कादंबरी मतांच्या बाहेर उभी आहे. मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परतलेला माणूस आणि एकमेकांना पिढ्यान् पिढ्या ओळखणारं गाव पेट कसं घेतं, याची ती हकीकत. वाचून मग भांडावं.

सोलापूरचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन आपल्या सोलापुरात भरलं. मरहूम प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांचा त्यात पुढाकार होता. मुसलमान मराठीत लिहितो, वाचतो आणि स्वतःबद्दल स्वतः बोलतो, हे त्या वेळी ठासून सांगावं लागलं. आज आमच्या वर्गातल्या मुलींना ते सांगावं लागत नाही. मात्र लिहितं कोण आहे, हा प्रश्न त्या विचारतात आणि तेव्हा आम्ही थोडे अडखळतो.

२०२५ साली तो प्रश्न हद्दीपलीकडून सुटला. २० मे २०२५ रोजी लंडनमध्ये बानू मुश्ताक यांना आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. हासनच्या वकील, घरची भाषा दख्खनी उर्दू, लेखन कन्नडमध्ये. त्यांना आठव्या वर्षी कन्नड शाळेत घातलं ते सहा महिन्यांत लिहिता-वाचता आलं पाहिजे या अटीवर, आणि त्या काही दिवसांतच लिहू लागल्या. त्यांच्या बारा कथा दीपा भास्ती यांनी इंग्रजीत नेल्या, त्या पुस्तकाला हा मान मिळाला. कन्नड पुस्तकाला तो पहिल्यांदाच मिळाला, आणि कथासंग्रहालाही पहिल्यांदाच. त्यांच्या सगळ्या मतांवर आपल्याकडे एकमत होणार नाही. त्यांच्या स्वतःच्या भागातही झालेलं नाही, त्यांना बहिष्कार सोसावा लागला आहे. पण त्यांच्या कथांमधली माणसं आमच्या गल्लीतली आहेत.

दुधनीत कन्नड वाचणारी माणसं शोधावी लागत नाहीत. आमच्या शेजारच्या घरातली सून कलबुर्गीला शिकलेली आहे. एका रविवारी दुपारी तिच्याच घरी दहा-बारा बायका जमल्या. सुपारी, चहा, मांडीवर पोरं. ती कन्नडमधून वाचायची आणि वाक्यागणिक दख्खनीत सांगायची. कथा कफनाची होती. नववीतल्या त्या मुलीला आम्ही मुद्दाम बोलावलं होतं. ती दादीला घेऊन आली.

शाझिया नावाची सुखवस्तू बाई नवऱ्याबरोबर हजला निघते. यासीन बुआ नावाची गरीब म्हातारी आपली साठवलेली रक्कम तिच्या हातात देते आणि सांगते, माझ्यासाठी जमजमच्या पाण्यात बुडवलेलं कफन घेऊन ये. शाझिया पैसे घेते. तिकडे इबादत होते, खरेदीही भरपूर होते. कफन राहून जातं. परत आल्यावर बुआ विचारायला येते तेव्हा शाझिया तिला जानमाज आणि तसबीह देते. बुआ ते घेत नाही. तिला कफनच हवं असतं. शाझिया तिच्यावर वैतागते. मग एके दिवशी बुआचा मुलगा दारात उभा राहतो. आई गेली आहे, आणि आईचं कफन इथे आहे अशी त्याची समजूत आहे.

सुनेने पुस्तक मिटलं तेव्हा कुणी बोललं नाही. एका म्हाताऱ्या खालाने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "हमारे घर की बात उसकू किन्ने बोली?"

मग जे सुरू झालं ते तासभर चाललं. एक म्हणाली, बिचारी विसरली, परक्या मुलुखात माणूस गडबडतं. दुसरी म्हणाली, गालिचा घ्यायला कशी विसरली नाही? तिसरीने विचारलं, पण एवढी रक्कम बुआने कफनावर घालवावी का, पोराला दिली असती तर? यावर दोघी तिच्या अंगावर धावल्या, गरिबाने काय मागावं हे तू ठरवणार का म्हणून. कुणीतरी नमाजची गोष्ट काढली, कुणी अमानतीची. स्वतःच्या घरातली उदाहरणंही आली, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

दादी कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तिने आपला निवाडा दिला. "भूली सो भूली. भूल अल्लाह माफ करताय. मगर जानमाज देको उसका मूं बंद करने कू देखी ना, वो गुनाह है."

आम्ही ती कथा आधी वाचून काढली होती. अडकित्त्याच्या आवाजासकट दादीचं ते वाक्य ऐकेपर्यंत जानमाजच्या प्रसंगाकडे आमचं नीट लक्षच गेलेलं नव्हतं. ईदगाहच्या वेळी हमालाच्या पोराने पैसे मोजले होते तसंच.

निघताना चपला घालता घालता दादीने सुनेला विचारलं, पुस्तकात अजून किती किस्से आहेत. अकरा, सुनेने सांगितलं. पुढचा रविवार लग्नाचा होता, म्हणून त्यानंतरचा ठरला. नववीतल्या मुलीने दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रेमचंदांचं पुस्तक पुन्हा मागून घेतलं. त्यातही 'कफन' नावाची एक कथा आहे. घीसू-माधव हे बापलेक कफनाच्या पैशाचं काय करतात, ते दादीला वाचून दाखवायचं आहे म्हणाली. ती कथा 'ईदगाह'सारखी गोड नाही, हे आम्ही तिला सांगितलं. दादीचं काय म्हणणं पडतं, ते तिने येऊन सांगायचं कबूल केलं आहे.